टाकी कुठं बसवायची, दाजी?

दाजी, जावयाशी वाद घालायचा नसतो, हे आमच्या घरात दुधाबरोबर पाजलेलं. जावई जेवायला बसला की ताटात काय कमी आहे ते बघायचं, त्याच्या बोलण्यात काय चुकलं ते बघायचं नाही. म्हणून इतकी वर्षं तुमच्याशी मी जे भांडलो ते अर्ध्या तोंडानं भांडलो. तुम्हीच उलट डिवचायचात, "काहो किसनराव, मिठाची गुळणी धरली का?" मी खाली मान घालून पान्हा फिरवीत राहायचो. आता तुमचं तेरावं झालं, गोडजेवण झालं, पाहुणे पांगले. आता कसली भीड धरू आणि कुणाची?

येणारा-जाणारा म्हणतो, दाजी म्हणजे देवमाणूस. मी व्हय म्हणतो. देवमाणूस होतात, कबूल. पण हेकट किती होतात, ते कुणी सांगतं का? ते मला माहीत, आणि माझ्या बहिणीला. गेलेल्या माणसाचे गुण गावेत म्हणतात. गुण गायला सगळं गाव पडलंय. मला तुमचा राग आलाय दाजी, आणि तो घेऊन मी दुसऱ्या कुणाच्या दारात जाऊ?

देशमुखांच्या गोठ्यात कडब्याखाली ती मोटार कुजत पडली होती. मूळची टाकी गंजून चाळणी झालेली, गादीत उंदरांनी संसार मांडलेला, टपाचं तर नावच नाही. देशमुख म्हणाले, "न्या, तेवढीच जागा मोकळी व्हईल." तुम्ही बैल जुंपून ती ओढत घरी आणलीत तेव्हा सारं गाव बघायला गोळा झालं होतं. बैलांनी मोटार ओढायची म्हणजे उलटा जमाना, असं म्हणून लोक हसले. तुम्हीही हसलात. मी नाही हसलो, कारण ती मोटार तुम्हाला कशासाठी पाहिजे ते मला ठाऊक होतं.

तुमची धाकटी बहीण बाळंतपणात अडली. बैलगाडीत घालून हिंगोलीच्या दवाखान्यात न्यायची ठरली, आणि कयाधू नदीच्या वाळूत चाक रुतलं. माणसांनी खांदे लावून गाडी काढली, पण तोवर दवाखान्यात न्यायला काही उरलं नव्हतं. तुम्ही त्यावर कधी बोलला नाहीत. वसमतच्या कापसाच्या जिनातलं इंजीन सांभाळायची नोकरी सोडून गावी आलात आणि म्हणालात, "किसनराव, मागं बाज मावंल अशी मोटार करायची. अडलेली बाई निजून गेली पाहिजे." मी सर्विसच्या, म्हणजे उतारूंच्या, मोटारीवर ड्रायव्हर होतो. मला वाटलं, इंजीनवाला आणि ड्रायव्हर मिळून दोन-तीन महिन्यांत काम उरकू. उरकतंय कसलं!

इंजीन तुम्ही जिवंत केलंत. त्यात कुणी खोट काढू नये. सुतारानं मागच्या गाद्या काढून सागाच्या फळ्या टाकल्या आणि बाजेएवढी जागा केली. चाकं झाली, ब्रेक झाले, वर ताडपत्री झाली. अडलं ते टाकीपाशी. टाकी कशाची करायची ते आधी, आणि कुठं बसवायची ते नंतर.

जर्मनची लढाई संपली तरी पत्रा मिळत नव्हता. तेव्हा आक्कानं आंदणातलं तांब्याचं घंगाळ पुढं केलं. तुम्ही नको नको म्हणालात, पण ती माझीच बहीण, ऐकते कुणाचं? "आंगुळीच्या पान्याला माझ्याकडं दुसरं हाय," म्हणाली आणि घंगाळ तुमच्या पुढ्यात आदळलं. निवृत्ती तांबटानं ते ठोकून त्याची चांगली चौकोनी टाकी केली. तळाच्या मागच्या कोपऱ्यात नळीसाठी भोक, वर रुंद तोंड, तोंडाला झाकण. तांबं असं झळकत होतं की मोटारीत घालायचं जिवावर यावं.

आणि मग आपलं सुरू झालं.

तुमचं म्हणणं, टाकी पुढं, ड्रायव्हरच्या गुडघ्यांच्या वर, काचेखाली बसवायची. तिथून पेट्रोल आपल्या वजनानं नळीतून उतरतं, गाळणीच्या वाटीतून खाली कार्बोरेटरात जातं, मधे कशाची गरज नाही. "माठाच्या तोटीला कुनी पंप लावतं का?" हे तुमचं ठरलेलं वाक्य. मी म्हणायचो, "माठात पानी असतंय, दाजी. ह्याच्यात आग हाय." मी डोळ्यांनी पाहिलं होतं. सर्विसच्या रस्त्यावर एका लॉरीची पुढची टाकी फुटली आणि पेट्रोल ड्रायव्हरच्या मांडीवर आलं. त्याचे हात मी पाहिले होते. ते तुम्हाला सांगितलं, तरी तुम्ही पुन्हा नळीचं माप घ्यायला लागलात.

माझं म्हणणं, टाकी मागं, फळीच्याही बाहेर टांगायची. आणि पुढं इंजीनशेजारच्या पत्र्यावर व्हॅक्यूमचा डबा बसवायचा. इंजीन श्वास ओढतं, त्या ओढीनं मागचं पेट्रोल डब्यात चढतं आणि डब्यातून खाली उतरतं. पुढं राहतं ते तांब्याभर पेट्रोल, बाकी सगळं माणसांपासून लांब. असा डबा मी हैदराबादेतल्या ओळखीच्या मिस्त्रीकडून मोडीतल्या मोटारीचा मागवला. रेल्वेनं आला. स्टेशनवरून लेकरासारखा उराशी धरून आणला. तुम्ही तो उघडला, झडप पाहिली, फुंकून पाहिला आणि म्हणालात, "चीज चांगली हाय. पन चढावर काय करनार? इंजीन धापा टाकाया लागलं की ओढ कमी पडती. डबा रिता झाला की मोटार उभी. आन् चढ कुटं हाय? बराबर नदीपाशी."

"कयाधूचा चढ केवढा, दाजी? डब्यात तेवढ्यापुरतं असतंय."

"आन् पेट्रोल बाईच्या उशाला? तिला आदीच मळमळ. त्या वासानं काय व्हईल तिचं?"

"मंग तुमच्या मांडीवर चालतंय व्हय?"

"माझ्या मांडीवर चालतंय."

मोटार तुम्हीच हाकणार, हे तुम्ही आधीच ठरवलेलं. माझी बहीण तुमच्या घरात आहे, तिचं कुंकू तुम्ही पेट्रोलच्या टाकीखाली ठेवून निघालात, असं जावयाला तोंडावर म्हणता येतं का? मनात शंभरदा म्हणालो. आज मोठ्यानं म्हणतोय.

शेवटी तुमच्या मनासारखं, टाकी तात्पुरती पुढं दोरानं आवळून आपण मोटार नदीवर नेली. सपाटीला मोटार अशी पळाली की तुम्ही माझ्याकडं बघून मिशीतल्या मिशीत हसलात. चढावर निम्म्यात गेली आणि फुस्स. मागं घरंगळत खाली आली, सपाटीला आली की पुन्हा चालू. पुन्हा चढ, पुन्हा फुस्स. मला मनातून बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? मी म्हणालो, "बगा. वरून खाली उतरत न्हाई तुमचं." तुम्ही म्हणालात, झाकणाला हवेचं भोक बारीक आहे, आत हवा जात नाही म्हणून पेट्रोल अडतं. भोक मोठं केलं. पुन्हा फुस्स. मग तुमचं म्हणणं, नळी सायलेन्सरच्या फार जवळून गेलीय, तापून पेट्रोलची वाफ होते. नळी काढून दुसऱ्या बाजूनं नेली, हादऱ्यानं तुटू नये म्हणून तिला एक वेढाही दिला. पुन्हा फुस्स. मग मी म्हणालो, पेट्रोलमध्येच रॉकेल आहे. रेशनच्या चिठ्ठीवर मिळालेलं ते पेट्रोल आपण मऊ कातड्यातून गाळून भरलेलं, त्यामुळं टाकीत काही असेल हा संशय दोघांच्याही मनाला शिवला नाही. टाकीत काहीतरी खडखडायचं. तुम्ही म्हणायचात, फळी वाजतेय. मी म्हणायचो, तुमचे दात वाजतायत. रोज तोच चढ आणि रोज तीच वरात, आणि नदीवर धुणं धुणाऱ्या बाया आपल्याला बघून पदर तोंडाला लावायच्या.

शेवटी चिडून टाकी सोडली आणि उलटी केली. आधी तांदूळ पडले. मग टणकन एक सुपारी.

मी सुपारीकडं बघतोय, तुम्ही सुपारीकडं बघताय. चढ लागला की ती गडगडत मागच्या कोपऱ्यात जायची आणि नळीच्या भोकावर अशी बसायची की बूचच. सपाटीला आली की बाजूला. आक्का दारातच उभी होती. मी ओरडलो, "आक्का, हे काय हाय?" ती उलट माझ्याच अंगावर आली. "मंग नवं भांडं रिकामं आनायचं का घरात? तांब्याचं हाय, माझ्या घंगाळाचं हाय. तांदूळ-सुपारी घालून, हळदीकुकू लावून आत घेतलं. तुमी दोघं त्याच्यात काय वतनार हे मला इचारलं व्हतं का?"

तुम्ही खाली बसलात आणि हसायला लागलात. डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसलात. मलाही हसू फुटलं, आक्काला राग आला, मग तीही हसली. आपल्या तिघांचं एकत्र हसणं तेच शेवटचं झालं. ते आठवलं की मला बरं वाटतं आणि त्याच्या पाठोपाठ संताप येतो, कारण दुसऱ्या दिवशी मोटार तुमच्या पुढच्या टाकीवर एका दमात चढ चढून गेली. तुम्ही जिंकलात. मी म्हणालो, ठीक आहे, आता पक्की बसवा आणि मोकळे व्हा. अर्ध्या दिवसाचं काम होतं. चार पट्ट्या, आठ बोल्ट.

आणि तुम्ही काय केलंत? टाकी सोडलीत, पोत्यात गुंडाळलीत आणि पुन्हा तांबटाकडं पाठवून दिलीत. मी विचारलं, "आता काहून?" तुम्ही म्हणालात, "जरा काम हाय." काय काम ते सांगितलं नाही. मी चिडून तुमच्याकडं यायचंच बंद केलं. मनात म्हटलं, जिंकूनही ज्याचं समाधान होत नाही त्याच्या नादी कोण लागणार? निवृत्ती तांबटाकडं लग्नसराईची भांडी पडलेली, टाकी कोपऱ्यात पडून राहिली. आणि इकडं तुम्हाला ताप चढला.

त्या तापाचं मी काय बोलू? चांगलं दणकट माणूस, पण शुद्धीत राहीना. मोटार अंगणात उभी. इंजीन तयार, चाकं तयार, मागं बाज मावेल एवढी जागा तयार, फक्त टाकी नाही. मी वेड्यासारखा फिरलो. डबा हातात घेऊन विचार केला, ह्यातच पेट्रोल भरतो, वरून बाटलीनं ओतत नेतो. आक्का म्हणाली, "येडा झाला का? गाडी जुप." बैलगाडी जुंपली. ज्या वाळूसाठी तुम्ही मोटार केलीत त्याच वाळूतून तुम्ही बैलगाडीत गेलात, दाजी. चाक रुतलं नाही, बैल चांगले होते. पण बैलांच्या चालीनंच गेलात. दवाखान्यात पोचलात तेव्हा डॉक्टरनं नाडी धरली, मान हलवली, पण उशीर झाला असं काही तो म्हणाला नाही. म्हणाला असता तर बरं झालं असतं, मला कुणावर तरी ओरडता आलं असतं.

तुमच्या चितेपाशी उभा राहून मी तुम्हाला शिव्या देत होतो. लोकांना वाटलं रडतोय. रडतही होतो.

गोडजेवणाच्या दुसऱ्या दिवशी निवृत्ती तांबट टाकी घेऊन आला. पोतं सोडलं आणि मी बघतच राहिलो. चौकोनी टाकी राहिली नव्हती. लांबट, चपटी केलेली, मागच्या फळीच्या बाहेर टांगायला बरोबर मापाची. खालचं भोक बुजवून डाख दिलेला आणि वरून नळी घालायला नवं तोंड, माझ्या डब्याला लागतं तसं. खाली दगड लागू नये म्हणून लोखंडी पट्टी.

मी म्हटलं, "हे कुनी सांगितलं?"

"दाजींनीच की. स्वतः आले व्हते. मापं खडूनं भिंतीवर काढून दावली."

"पन तेंची टाकी तर पुढं व्हती. चढलीबी व्हती मोटार."

निवृत्ती तांबट जमिनीकडं बघत बोलला, "मी बी तेच म्हनलो. तर म्हनले, माझा गुडघा आता धरतो, चढावर ब्रेक दाबवत न्हाई. गाडी किसनरावच हाकनार. माझ्या मांडीवर चाललं असतं, तेच्या मांडीवर न्हाई चालनार. तेच्या मनासारखी मागं कर, आन् बाईचं डोकं पुढच्या अंगाला घ्यायचं, वास लागनार न्हाई."

दाजी, तेव्हापासून माझं डोकं ठिकाणावर नाही. तुमच्या मांडीवर चालतं आणि माझ्या नाही? हे कुणी ठरवलं? मी काय तुमच्या पोटचं लेकरू होतो? इतके दिवस मी तुमच्यासाठी भांडत होतो, माझ्या बहिणीसाठी भांडत होतो, आणि तुम्ही शेवटी ऐकलंत ते कुणासाठी, तर माझ्यासाठी! गुडघा दुखत होता तर बोलायचं होतं. मी पुढं बसलो असतो, टाकी मांडीवर घेऊन हाकली असती, पण मोटार त्या दिवशी चालू असती. सांगितलं असतं तर टाकी तांबटाकडं गेलीच नसती. हे मी तुम्हाला तोंडावर म्हणायला पाहिजे होतं आणि तुम्ही मला त्यावर काहीतरी उलट ऐकवायला पाहिजे होतं. तुम्ही माझ्यावर माया केलीत, मला न विचारता केलीत, आणि तिची फेड करायला जागा ठेवली नाहीत. उपकार मानू की तुमची गचांडी धरू, मला कळत नाही.

टाकी मागं बसवली. तुम्ही खडूनं काढलं होतंत तशीच. डबा पुढं बसवला, नळी सायलेन्सरपासून लांबून नेली, वेढा दिला. सगळं तुमच्याच हातानं झाल्यासारखं झालं, फक्त शिव्या माझ्या होत्या.

परवा शेजारच्या वाडीतून माणूस पळत आला. पहिलटकरीण अडलेली, सुईणीनं हात टेकलेले. मी आणि आक्का निघालो. बाईला बाजेवर निजवली, डोकं पुढच्या अंगाला, आक्का तिच्या उशाशी. सपाटीला मोटार वाऱ्यासारखी. वाळू पार केली, पाणी पार केलं, चढ लागला. निम्म्यात गेलो आणि इंजीन खोकायला लागलं.

डबा रिता होत होता, दाजी. तुम्ही म्हणालात तस्संच. त्याच जागी.

मागं बाई कण्हतेय, मोटार आता थांबते का मग थांबते. काय सुचलं कुणास ठाऊक, हातब्रेक ओढला आणि पेट्रोलच्या पेडलवरचा पाय उचलला. इंजीन मंद झालं तशी त्याची ओढ वाढली. डबा गटगट भरल्याचा आवाज मी कानांनी ऐकला. मग हळूच ब्रेक सोडला, पाय दाबला, आणि मोटार चढ चढून वर आली.

मागून आक्का म्हणाली, "तेंनी बराबर सांगितलं व्हतं तुला. चढावर डबा रिता व्हतोय म्हनून."

एवढ्यानं माझा बांध फुटला. चालत्या मोटारीत मागं मान वळवून मी ओरडलो, "बराबर सांगितलं व्हतं, तर मंग टाकी मागं काहून करायला लावली? मला इचारलं का? तुला तरी इचारलं का? सगळं आपलं आपन ठरवायचं आन् मंग निघून जायचं!" आक्कालाही रडू फुटलं, तीही ओरडायला लागली, तू तेंचं कधी ऐकलं का म्हणून. आम्ही दोघं भाऊबहीण तुमच्या नावानं तंडतोय, आणि मधेच ती अडलेली बाई, जिला बोलायचं त्राण नव्हतं, ती बाजेवरून किंचाळली:

"अवं भाऊ, भांडान मागून करा! आदी मला पोचवा!"

पोचवली, दाजी. पोरगी झाली. दोघी बऱ्या आहेत. आता मला कसली घाई नाही. बोला.